अर्धं दाबलेलं बटण

"कॅमेऱ्यात काहीच बिघडलेलं नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "तेव्हाही नव्हतं. तुमच्या घरात उजेड नाही, एवढंच."

"तुम्ही आमच्या घरी कधी आला होतात?" मी विचारलं.

"यायला कशाला हवं? हा सांगतोय की." त्यानं कॅमेरा टेबलावर ठेवला आणि डोळ्याला लावलेलं भिंग कपाळावर सरकवलं. दुकानाचा पुढचा भाग आता त्याच्या सुनेकडे होता, तिथे फोनची कव्हरं टांगलेली होती. तो मागच्या अर्ध्या भागात एका उघड्या खिडकीखाली बसायचा. दुपारचे दोन वाजले असतील. मी खुर्ची फिरवून उजेडाकडे पाठ केली, तेव्हा तो म्हणाला, "डोळे आलेत का?" मी नाही म्हणाले. तीन आठवड्यांत आज पहिल्यांदाच मी भर दुपारी घराबाहेर पडले होते आणि रस्ताभर कपाळावर हात धरून चालले होते, हे त्यानं विचारल्यावर माझ्या लक्षात आलं.

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि भिंतीवर लावायला तिचा फोटो सापडत नव्हता. अगदीच नव्हते असं नाही. एक ती शिकवायची त्या शाळेच्या ओळखपत्रावरचा होता, त्यात अर्ध्या चेहऱ्यावर शिक्का बसलेला. बाकीचे मी लहान असतानाचे, त्यांत ती इतकी तरुण होती की लावला असता तर माझीच धाकटी बहीण भिंतीवर आल्यासारखं दिसलं असतं. मधल्या पंचवीस-सव्वीस वर्षांतला एकही नाही. शोधता शोधता तिच्या कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली, हा कॅमेरा हाताला लागला. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढा, कातडी पिशवीतला. या जातीच्या कॅमेऱ्यात फिल्म गुंडाळत बसावं लागायचं नाही. प्लॅस्टिकचं बंद डबडं मिळायचं, फिल्म त्याच्या पोटातच असायची, ते मागून खोबणीत बसवायचं आणि झाकण लावायचं. झाकणाला नखाएवढी खिडकी, तिच्यातून कितवा फोटो आता निघणार तो आकडा दिसतो. आकडा होता बारा. बारापैकी अकरा निघालेले, एक उरलेला. पिशवीच्या तळाशी एक चिठ्ठी होती, घडीवर काळी पडलेली. या दुकानाचा शिक्का, पत्ता, आणि खाली एकच ओळ: दुरुस्त होण्यासारखा नाही. मी दुरुस्तीसाठी आलेच नव्हते. आतलं डबडं काढून कुणी धुऊन देईल का, एवढंच विचारायला आले होते.

"हे अक्षर माझंच आहे," तो चिठ्ठी खिडकीकडे धरून म्हणाला. "चाळीस वर्षांत खोटी चिठ्ठी एकच लिहिली, ती ही. म्हणून तर आठवतंय." मग त्यानं सांगितलं. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, बटण दाबलं जात नाही. त्यानं दाबलं, तर दाबलं गेलं. आठ दिवसांनी परत आल्या, पुन्हा तेच. "मी म्हटलं, बाई, डॉक्टरकडे नेलं की पोराचा ताप उतरतो तशातली गत आहे ही. हसल्या. मग त्यांना समोरच्या पायरीवर उभं केलं आणि त्यांचाच एक फोटो काढला. बघा म्हटलं, निघाला. घरात दिवे नाहीत का तुमच्या? तर म्हणाल्या, दिवे आहेत हो, पडदेही आहेत. मग म्हणाल्या, तुम्ही असं करा, बिघडलाय म्हणून लिहून द्या मला."

"का?"

"हेच मी विचारलं. म्हणाल्या, कुणाला तरी बिघडलेलं म्हणावंच लागणार आहे, तर तो कॅमेरा बरा."

हे वाक्य आईचंच होतं. तिच्या आवाजात ऐकू आलं. वहीत चुकलेल्या उदाहरणाखाली ती अशीच, तिरकस आणि मऊ, एक ओळ लिहायची. मी टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे पाहत राहिले. भिंगाशेजारी मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार काच आहे, तिच्यावर जेवढा उजेड पडेल त्यावरून हा आपलं छिद्र आपणच लहानमोठं करतो. बॅटरी नाही, चाव्या नाहीत, माणसाला काही ठरवावं लागत नाही. बटण अर्धं दाबायचं. उजेड पुरत नसेल तर बघायच्या काचेत कडेला लाल पट्टी उभी राहते आणि बटण तिथेच अडतं, उरलेलं अर्धं काही केल्या खाली जात नाही. लहानपणी मला हे फार शहाणपणाचं वाटायचं.

"म्हणजे अकरावा फोटो त्यांचा," दुरुस्तीवाला म्हणाला. "तेवीस वर्षांची शिळी फिल्म, काय येईल सांगवत नाही. पण मी स्वतः धुतो. आत्ता उघडलं तर नेमका त्याच्यावर उजेड जाईल. तेव्हा बारावा काढून टाका, मग सगळी फिल्म आत गुंडाळली जाते, काही धोका नाही. काढू का इथेच? रस्त्याचा काढतो."

"नको," मी म्हणाले. का म्हणाले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

"मग घरी तेवढा काढू नका म्हणजे झालं," म्हणून तो हसला, आणि कॅमेरा पिशवीत घालता घालता त्यानं विचारलं, "ते काळ्या चष्म्याचे गृहस्थ तुमचे कोण?"

"कोण?"

"महिन्याभरानं आले होते. हीच चिठ्ठी घेऊन. म्हणाले, हे तुम्ही लिहिलंत? आता दुसऱ्यांदा खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. सांगून टाकलं, कॅमेरा उत्तम आहे, उजेड हवा. ते म्हणाले, असं का. चिठ्ठीला होती तशी घडी घातली, खिशात ठेवली नि गेले. तुमच्या घरातल्या तिसऱ्या माणसाला सांगतोय मी हे."

रस्त्यावर आले तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं आणि मी एका बंद दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. आई कदाचित याच पायरीवर उभी राहिली असेल असं वाटलं, आणि मग वाटलं की नाही, ती दुरुस्तीवाल्याच्या दुकानासमोरची. दुपारी निघताना मी बाबांना म्हणाले होते, "आईचा कॅमेरा सापडलाय, जरा दाखवून आणते." ते खुर्चीत होते, रेडिओ मांडीवर. "कशाला?" ते म्हणाले. "बिघडलाय तो. चिठ्ठी असेल बघ आत." चिठ्ठी असेल बघ आत. तेवीस वर्षं त्यांना ती चिठ्ठी कुठे आहे हे ठाऊक होतं, कारण त्यांनीच ती तिथे परत ठेवली होती. म्हणजे कॅमेरा बिघडलेला नाही हे आईला ठाऊक होतं आणि तिला वाटत होतं की बाबांना ठाऊक नाही. आणि बाबांना ठाऊक होतं, आणि त्यांना हेही ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. मी पुस्तकांच्या शेवटी येणारी सूची करते. कोणता विषय कोणत्या पानावर, त्या याद्या. सूचीतली सगळ्यांत वाईट चूक म्हणजे 'बिघाड'पाशी 'पाहा: कॅमेरा' लिहायचं आणि 'कॅमेरा'पाशी 'पाहा: बिघाड'. वाचणारा या नोंदीवरून त्या नोंदीवर जात राहतो, पण पान कोणतं ते त्याला कधीच कळत नाही. अशी चूक माझ्याकडून नोकरीच्या पहिल्या वर्षी झाली होती आणि आमच्या संपादकबाईंनी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली होती. सगळे हसले, मीही हसले.

बाबा वेल्डिंग खात्यात फोरमन होते. मी सतरा वर्षांची असताना एका दुपारी तोंडावर काळ्या काचेची ढाल नसताना कुणाच्या तरी ठिणगीकडे त्यांची नजर गेली, एकदा नव्हे, दोन-तीन तास जात राहिली, कारण काम संपवायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने उजेड टाळा. आईनं दोन दिवसांत पडदे शिवले. बाहेरून गडद हिरवे, आतून काळं अस्तर, वर पितळी कड्या. मला आठवतं ते शिवणयंत्राचा आवाज आणि तिचं जवळजवळ आनंदात असणं. काहीतरी करता येण्याजोगं होतं, आणि ती ते करत होती. सहा महिने झाले तेव्हा कुणी काही बोललं नाही. वर्ष झालं. दुसऱ्या घरांत जसं 'पाणी' म्हणतात तसं बाबा 'पडदा' म्हणायला लागले. मान न वळवता, एकच शब्द. आणि जी कुणी जवळ असेल ती उठायची. आई शाळेत भूमिती शिकवायची. वह्या तपासायला घरात दिसायचं नाही, दिव्याखाली तिचे डोळे चुरचुरायचे, म्हणून ती जिन्याच्या मधल्या वळणावर, जिथे उंच खिडकी होती, तिथे स्टूल टाकून बसायला लागली. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना वह्यांच्या गठ्ठ्यांवरून पाय टाकावे लागत. इमारतीत तिचं नाव 'जिन्यातल्या बाई' पडलं. वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका रोज थांबून विचारायचे, "बाई, आज आमच्या चालण्याला किती मार्क?" आणि ती मान वर न करता म्हणायची, "पायरी चुकलीत. चार." मला तेव्हा तिची लाज वाटायची. मैत्रिणींना मी सांगायचे की आमच्याकडे पाहुणे आलेत, म्हणून आई बाहेर बसलीय.

माझ्या विसाव्या वाढदिवसाला तिनं हा कॅमेरा बाहेर काढला. तिच्याच लग्नातला आहेर, गच्चीवर आणि बागेत चालायचा. तिला तिघांचा, म्हणजे निदान आम्हा दोघांचा, घरातला फोटो हवा होता. तिनं सगळे दिवे लावले, स्वयंपाकघरातला कंदील-दिवासुद्धा आणून टेबलावर ठेवला. बाबा काळा चष्मा लावून त्यांच्या खुर्चीत बसले, मी खुर्चीच्या हातावर टेकले. ती बटण दाबत राहिली. मला तिचं नख पांढरं झालेलं दिसत होतं. "आटपा," बाबा म्हणाले. ती दाबत राहिली. मग ते म्हणाले, अगदी सौम्यपणे, जसं आजारी माणसाशी बोलतात तसं, "बिघडलाय वाटतं." तेव्हापासून आमच्याकडे हा शब्द 'गप्प बस'च्या जागी वापरला जाऊ लागला. कुणाला घरी बोलवावं असं म्हटलं की बेल बिघडलेली असायची. बाहेर जाऊन येऊ म्हटलं की बाबांची चप्पल. मी दुसऱ्या शहरात नोकरी धरली तेव्हा मला निरोप द्यायला आई जिन्याच्या वळणापर्यंतच आली. पुढे का नाही आलीस, असं मी तिला कधीच विचारलं नाही.

आत्या सकाळी आली होती. बाबांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि आली की आधी नळ घट्ट बंद आहेत का ते बघते. "अर्ज टाकलास का?" तिनं विचारलं. अर्ज तिनंच दोन दिवसांपूर्वी सांगून लिहून घेतला होता. घरगुती कारणास्तव यापुढे मला घरूनच काम करू द्यावं, अशा अर्थाचा. मी म्हणाले, टाकते आज. "टाकते टाकते काय? सोमवारी तुझी रजा संपते. अगं, तुझं काम काय, पुस्तकाच्या शेपटीला आकडे बांधायचे. ते इथे बसून नाही बांधता येत?"

"दिव्याखाली?"

"दिव्याखाली नाहीतर काय सूर्याखाली? मोठी आलीस. तुझ्या आईनं नाही काढली वर्षं?" मग आवाज खाली आणून, "आणि तिकडे आहे कोण गं तुझं? एक खोली आणि एक कुंडी."

बाबा पलीकडच्या खुर्चीत ऐकत होते. रेडिओ त्यांनी बारीक केला होता. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते "पडदा" म्हणाले आणि मी उठले, तेव्हाच ते ठरून गेलं असावं. मी उठले ते सवयीनं. पडदा सारताना वरची तिसरी कडी अडकते, तिला हाताच्या झटक्यानं सोडवावं लागतं, आणि तो झटका माझ्या मनगटाला न विचारता जमला. मागे वळून पाहिलं तर आत्या माझ्याकडे समाधानानं बघत होती. आत्या म्हणाली तशी तिकडे खरोखरच एक खोली आहे आणि एक कुंडी. खोलीला पूर्वेची खिडकी आहे, तिला मी कधी पडदा लावला नाही. सकाळी सहाला तोंडावर ऊन येतं आणि झोप मोडते, आणि गेली अठरा वर्षं मी रोज त्या उन्हावर वैतागत उठलेय. कुंडी शेजारणीकडे ठेवून आले. तिनं फोनवर सांगितलं होतं, "एक पान पिवळं झालंय, पण जगेल."

टपालपेटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. पाच वाजता शेवटचं टपाल उचलतात, शनिवारीसुद्धा. मी अर्ज बाहेर काढला. पाकीट कॅमेऱ्याच्या पिशवीला टेकून वाकलं होतं. पेटीच्या तोंडावरची पत्र्याची झडप बोटानं वर केली, आत काळोख होता आणि कागदांचा कोरडा वास. मी पाकीट निम्मं आत घातलं. असं किती वेळ उभी होते कोण जाणे. मागून एक बाई म्हणाली, "टाकताय ना?" मी म्हणाले, "तुम्ही टाका," आणि पाकीट बाहेर ओढून बाजूला झाले. निर्णय वगैरे काही नव्हता तो. फक्त मागे रांग होती.

जिना चढताना वळणावरच्या खिडकीतून ऊन पायरीवर पडलं होतं. स्टूल अजून तिथेच आहे, त्यावर कुणीतरी दुधाची रिकामी बाटली ठेवली होती. मी कुलूप उघडून आत गेले आणि क्षणभर मला काहीच दिसलं नाही. मग एकेक वस्तू वर आली, टेबलाची कड, रेडिओचा हिरवा ठिपका, बाबांचे गुडघे. आणि मला बरं वाटलं. हेच मला लिहून ठेवायचं आहे. बाहेर तीन तास चुरचुरणारे डोळे आत येताच निवले, आणि सबंध अंगाला हायसं वाटलं, जसं आपल्या मापाच्या जागी परत आल्यावर वाटतं. आईलाही वाटत असेल. रोज संध्याकाळी वह्या उचलून आत येताना.

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

शब्द तोंडात तयार होता. 'बिघडलाय'च्या 'बि'साठी ओठ मिटले होते. तो म्हटला असता तर पुढचं सगळं आपोआप झालं असतं. चहा, रेडिओ, उद्या नाही तर परवा अर्ज, आणि कॅमेरा लोकरीच्या कपड्यांखाली. बाबांनीही मान हलवली असती. ते वाट बघत होते, काळा चष्मा माझ्याकडे, आणि मला दिसलं की त्यांना उत्तर माहीत आहे, त्यांना फक्त मी कोणतं उत्तर देते ते बघायचं आहे.

"एक फोटो उरलाय म्हणाला," मी म्हणाले. "तुमचा काढते."

"इथे?"

"इथे."

ते हसल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "दाबलं जायचं नाही ते."

मी खिडकीशी गेले. खिडकी पश्चिमेची आहे. चार ते पाच ऊन तिच्यावर सरळ येतं, पडद्याच्या काठांना तांबूस रेघ उमटते, आणि लहानपणापासून माझ्यासाठी संध्याकाळ म्हणजे ती रेघ. कड्या खडखडल्या. वीतभर. धूळ उडाली, उन्हाचा एक तुकडा फरशीवरून त्यांच्या पायांपर्यंत गेला. "पडदा," बाबा म्हणाले. मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकोनात ते लहान आणि नीटनेटके दिसत होते. बटण अर्धं दाबलं. कडेला लाल पट्टी उभी राहिली. डाव्या हातानं पडदा आणखी ओढला. ऊन गुडघ्यांवर आलं, रेडिओवर आलं. लाल. "अगं, पडदा म्हणतोय ना." आवाज चढला नव्हता. तिसरी कडी अडकली, मी झटका दिला, पण उलट्या बाजूला झटका माझ्या मनगटाला येत नव्हता, दोनदा द्यावा लागला. मग पडदा पुरता सरकला, आणि ऊन त्यांच्या छातीवर, गळ्यावर, तोंडावर आलं. त्यांचा हात चष्म्याकडे गेला. मला वाटलं घट्ट बसवतील. त्यांनी तो काढला.

किती वर्षांनी त्यांचे डोळे उजेडात पाहत होते मी. बारीक, फिकट, कुणाचेही असावेत तसे डोळे. पाणी येत होतं, पण ते मिटले नव्हते. ते माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते, समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे, जिथे कुणीतरी चादर वाळत घातली होती.

मी पुन्हा बटण अर्धं दाबलं. लाल पट्टी आली नाही. बोटाखाली उरलेलं अर्धं मोकळं होतं, जरासं वजन टाकलं की झालं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते झालं की झालं. एकच फोटो. तो निघाला की पडदा उघडा ठेवायला या घरात दुसरं काही कारण नव्हतं.

"झालं?" बाबा म्हणाले.

"सोमवारी मी जाणार आहे," मी म्हणाले. चौकोनातल्या लहान माणसाला म्हणाले. समोरासमोर मला ते म्हणता आलं नसतं. "अर्ज नाही टाकला."

रेडिओत कुणी तरी हवामान सांगत होतं. मग त्यांनी विचारलं, रागानं नाही, किल्ली कुठे ठेवलीस असं विचारावं तसं, "मग पडदा कोण लावणार?"

मी बोट तिथेच, अर्ध्यावर, धरून ठेवलं. समोरच्या गच्चीची सावली चढत होती. आणखी दहा मिनिटं, फार तर पंधरा.

"काढ ना. किती वेळ?"

"हलू नका," मी म्हणाले. "अजून लाल आहे."

लाल नव्हतं. लाल केव्हा दिसतं आणि केव्हा नाही, हे आमच्या घरात मला ठाऊक होतं तसंच त्यांनाही ठाऊक होतं. तोंडावर पूर्ण ऊन घेऊन, चष्मा मांडीवर धरून, बाबा हलले नाहीत.